पानी एकावर आलं

इथून समुद्र कुठल्याही दिशेने
दोन दिवस, दोन रात्री.
तरी कन्हारटोल्याच्या तलावाने
एकदा एक बोट लढाईला पाठवली.

मालगुजार रहांगडाले लाखेच्या सौद्याला कलकत्त्याला गेले,
तिथे कुणा साहेबाच्या बोटीत त्यांना चहा मिळाला,
आणि परतले ते सागवानी लाँच घेऊनच.
पितळी कठडे, वेताच्या दोन खुर्च्या,
पुढे आईचं नाव रंगवलेलं : भागरता.
ती आई पाण्याला भिणारी,
पारीवरून कधी खाली उतरली नाही.

माझा बाप डोमा मारबते, ढिवर.
त्याच्या स्वतःच्या डोंग्याला नाव नव्हतं.
महिना दोन रुपयांवर तो भागरतेचं पितळ घाशी
चिंचेने आणि राखेने,
रविवारी पाहुण्यांना बदकांपर्यंत नेई.
इंजिनाला तो म्हणायचा खोकला.

मग एका चैत्रात तहसीलदार कागद घेऊन आला.
लांबी अठ्ठावीस फूट, लाकूड साग, स्थिती उत्तम.
मालगुजारांनी सही केली ती हसत;
रायसाहेबकी तेव्हा अशीच कुठेतरी वाटेत असे.
बापाला कुणी विचारलं नाही.
रात्री तो आईला म्हणाला,
"नेतेत त नेवोत, पन तिले खारं पानी मालूम नाही."

दोन खासरं जोडून, आठ बैल लावून
भागरता सौंदडच्या स्टेशनाकडे निघाली.
मी सात वर्षांचा, तिच्या सावलीतून चाललो.
वाटेत तेवढीच सावली होती.
मोहफुलं वेचणाऱ्या बाया कंबर धरून उभ्या राहिल्या.
कोरड्या बांध्यांतून बोट जाताना
त्यांनी कधी पाहिली नव्हती.
एकीने कुंकू लावलं, सासरी निघालेल्या पोरीला लावावं तसं.
दुसरी म्हणाली, "लढाईवर पोरगी धाडतेत का गा?"
बापाने तळच्या फळीखाली
तलावाचा मूठभर चिखल दाबला.
कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढचं कुणालाच धड माहीत नाही.
चितगावला जखमी वाहते म्हणाले, बुडाली म्हणाले.
मालगुजार रायसाहेब न होताच वारले.

लढाई संपून दोन पावसाळे झाल्यावर
सौंदडहून निरोप : तुमचा माल आला आहे.
करडा रंग. कठडे नाहीत, खुर्च्या नाहीत,
खोकल्याच्या जागी भोक.
नावाच्या जागी एक इंग्रजी अक्षर, तीन आकडे.
वारसांनी रेल्वेचं भाडं भरलं नाही.
सायडिंगला ती उन्हात तडकत राहिली,
शेवटी जळाऊ लाकूड म्हणून लिलाव.
बापाने सव्वा रुपयाला एक फळी घेतली, आकड्यांची.
तिथेच फलाटावर तिला जीभ लावली.
सबंध वाटेत बोलला नाही.
गाव दिसल्यावर म्हणाला, "मीठ हाये."
चिखलाचं मी विचारलं नाही.

त्या वर्षी तलावाचं तुडूम कुजलं होतं.
फळी उभी बसवली, नेमकी बसली.
आकडे आडवे झाले,
खाटेवर निजलेल्या माणसांसारखे.

आता पाणी उतरू लागलं
की आधी पाट उघडा पडतो.
तो इंग्रजी एच आहे, पण गावात तसं कुणी म्हणत नाही.
पाटापर्यंत धानाला चिंता नाही.
चारावर सिंगाडा काढून घ्यायचा.
एक म्हणजे आडवी रेघ, पाण्याने स्वतःच ओढल्यासारखी;
तिथे बांध्यांचं पाणी बंद,
उरलं ते मासळीचं आणि ढोरांचं.
यावरून भांडणं झाली, एकदा डोकं फुटलं,
पण रेघ कुणी सरकवली नाही.
सात मी आयुष्यात दोनदाच पाहिला.

दर दोन-तीन वर्षांनी मी डांबराने आकडे गिरवतो.
वळण कुण्या खलाशाचं आहे.
साताच्या पोटातून तो एक छोटी रेघ मारायचा,
मीही मारतो.

काल नातू ओरडत आला,
"आबा, पानी एकावर आलं!"
धोतर खोचून मी उतरलो,
फळीवरून बोट फिरवलं, चाखलं.
किंचित खारं लागलं.
चालून आलो होतो, घामही असेल.